घाटाच्या अलीकडे, घाटाच्या पलीकडे

श्रोतेहो, नमस्कार.

जुलै महिन्यातल्या एखाद्या दुपारी महाबळेश्वरहून वाईला जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसून पाहा. गाडी सुटते तेव्हा समोरच्या काचेवरचा वायपर क्षणभरही थांबत नाही आणि धुके इतके दाट असते की चालकाला भर दिवसा दिवे लावावे लागतात. पाचगणी येईपर्यंत पावसाचा जोर ओसरू लागतो, आणि पसरणीचा घाट उतरून गाडी वाईच्या स्टँडवर लागते तेव्हा तिथे नुसती भुरभुर चाललेली असते. कधी तर चक्क ऊन पडलेले असते. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, पाचगणीला त्याचा साधारण तिसरा हिस्सा मिळतो, वाईला हजारही गाठत नाही, आणि तसेच पूर्वेला माणदेशात म्हसवडपर्यंत गेलो तर पाचशेच्या आसपास पावसावर वर्ष काढावे लागते. ही चारही गावे सातारा जिल्ह्यातलीच. त्यामुळे जिल्ह्याचा सरासरी पाऊस म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो मला नेहमीच फसवा वाटतो. नेमका तेवढाच पाऊस पडणारे गाव शोधायला बरीच पायपीट करावी लागेल.

याचे कारण सह्याद्रीच्या उभ्या भिंतीत आहे. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे बाष्पाने जड झालेले असतात. पन्नास-साठ किलोमीटरची कोकणपट्टी ओलांडताच हजार मीटरांचा कडा त्यांच्या वाटेत आडवा येतो आणि त्यांना वर चढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. वर चढणारी हवा प्रसरण पावते, प्रसरणामुळे थंड होते, थंड हवेत पूर्वीइतके बाष्प मावत नाही आणि ते ढगांतून पाऊस होऊन कोसळते. माथा ओलांडल्यावर तीच हवा पूर्वेकडच्या उतारावरून खाली येते. खाली येताना ती दाबली जाते, तापते आणि ढग विरू लागतात. जी भिंत आंबोलीला, महाबळेश्वरला धो धो पाऊस देते, तीच माणदेशाचा आणि नगर-सोलापूरकडच्या मोठ्या पट्ट्याचा घास काढून घेते. आपण ज्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतो, ती छाया या भिंतीचीच आहे.

मात्र ही भिंत पाऊस अडवते, पाणी अडवत नाही. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पश्चिमेकडे झेपावते आणि शे-सव्वाशे किलोमीटरांत समुद्राला मिळते. त्याच डोंगरावर उगम पावलेली कृष्णा मात्र पूर्वेला वळते आणि सुमारे १४०० किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला जाते. घाटमाथ्यावरचे पाणी असे कोरड्या मुलखाच्या दारातून वाहते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांपर्यंत चढली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. बाजारपेठेत होड्या फिरल्या, ते पाणी मुख्यतः सांगलीवर पडलेल्या पावसाचे नव्हते. ते कोयनेच्या, वारणेच्या आणि कृष्णेच्या घाटातल्या खोऱ्यांमधून आले होते. आणि त्याच दिवसांत, त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या जत तालुक्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकर चालू होते. पूर आणि टंचाई यांना आपण एकमेकांच्या विरुद्ध समजतो. सांगली जिल्ह्यात त्या दोघींचे कारण एकच निघते.

टँकरचे निघाले म्हणून सांगतो, घाटातल्या अनेक वाड्यांनाही मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस झेललेल्या गावाची ही अवस्था ऐकून नवखा माणूस चकित होतो. पण काळ्या बेसाल्टचा कातळ आणि तीव्र उतार यांच्यामुळे पाणी जिरायच्या आधीच वाहून जाते. जमिनीची ठेवण पावसाइतकीच हवामानाचे फळ ठरवते, हे इथे उघड दिसते.

हाच उतार अतिवृष्टीत जीवघेणा होतो. कातळावर मातीचा आणि झिजलेल्या मुरमाचा थर असतो; दिवसेंदिवस लागलेल्या झडीने तो भिजून जड होतो, आणि त्याचा कातळाशी असलेला धर सुटला की अख्खी बाजू खाली येते. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव असेच गाडले गेले आणि दीडशेच्या वर माणसे गेली. २०२१ च्या जुलैत, २२ आणि २३ तारखेला, महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. कोकणातल्या नद्या आखूड असल्याने माथ्यावरचे पाणी काही तासांतच खाडीजवळच्या शहरात पोचते, आणि नेमकी तेव्हा भरती असली तर त्याला पुढे वाटच राहत नाही. २०२३ च्या जुलैत खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली ती रात्रीची, माणसे घरात असताना.

मुंबईची गोष्ट थोडी वेगळी आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात, अवघी ७३ मिलिमीटर. इतका मोठा फरक एकट्या डोंगराने पडत नाही. उंचच उंच गडगडाटी ढग उपनगरांवर ठाण मांडून बसले, आणि समुद्र त्यांना सतत बाष्प पुरवत राहिला. जिथे समुद्र, डोंगर आणि शहर इतके जवळजवळ आहेत, तिथे पावसाचा अंदाज शहराच्या नावाने सांगणेही अपुरे पडते.

चक्रीवादळांच्या बाबतीत आपला किनारा पूर्व किनाऱ्यापेक्षा सुदैवी आहे, कारण अरबी समुद्रातली वादळे बहुधा गुजरातकडे किंवा ओमानकडे वळतात, आणि ऐन पावसाळ्यात वरच्या व खालच्या थरांतले वारे निरनिराळ्या वेगाने वाहत असल्याने वादळाचा आकारच जमत नाही. धोका असतो तो पावसाळ्याच्या आगेमागे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ थेट रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा लावून तिला सुपारी धरायला किती वर्षे लागतात, हे तिथल्या बागायतदाराला विचारावे.

आता घाटापासून दूर, विदर्भात जाऊ. तिथे सह्याद्रीची सत्ता संपते आणि समुद्राच्या अंतराची सुरू होते. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटर उंचीवर आहे, पुण्यापेक्षा बरेच खाली; समुद्रावरचा गार वारा तिथवर पोचत नाही आणि वायव्येकडून कोरडी, तापलेली हवा येते. म्हणून चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ही नावे मे महिन्यात रोज बातम्यांत येतात आणि नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत दुपारचे रस्ते ओस पडतात. पावसाळ्यात विदर्भ निम्म्याहून अधिक बंगालच्या उपसागराकडे पाहतो: तिथे तयार झालेले कमी दाबाचे क्षेत्र पश्चिमेकडे सरकले की भंडारा-गोंदिया भिजतात. मराठवाडा दोन्ही समुद्रांच्या शेवटच्या टोकाला आहे, आणि दोन्हीकडून उरलेले त्याच्या वाट्याला येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र उत्तरेकडून आलेली वरच्या थरातली थंड हवा आणि उपसागरावरचा दमट वारा यांची गाठ पडली, की याच भागांत गारपीट होते; २०१४ च्या त्या दोन महिन्यांत काढणीला आलेला गहू, हरभरा आणि द्राक्षबागा अनेक जिल्ह्यांत झोपल्या.

भारतीय हवामान विभाग आपल्या राज्याचे चार उपविभाग करतो: गोव्यासह कोकण, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. महाबळेश्वर आणि म्हसवड ही दोन्ही ठिकाणे त्यातल्या मध्य महाराष्ट्रात येतात. म्हणून अलीकडच्या इशाऱ्यांत पुण्याचा, साताऱ्याचा आणि कोल्हापूरचा घाट परिसर वेगळा सांगितला जातो. तेव्हा यापुढे वार्तापत्र ऐकताना जिल्ह्याच्या नावाशी न थांबता त्यापुढचा ‘घाट’ हा शब्द ऐकू येतो का, तेवढे पाहावे. आणि आपण कृष्णाकाठी राहत असू, तर आपल्या गावी ऊन असले तरी तो कान देऊन ऐकावा.

नमस्कार.