नाव छापून येणं

(सिडनीतल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

अध्यक्षांनी बजावलंय, दहा मिनिटं आणि काहीतरी हलकंफुलकं. दहा मिनिटांचं बघते.

गेल्या महिन्यात आमच्या घरी भांडण झालं. निमित्त एका माहितीपटाचं. आमच्या भागातल्या लायब्ररीच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी तो दाखवणार होते. विषय होता सिडनीतल्या समलिंगी, ट्रान्स, एकूणच क्वीअर लोकांची चळवळ, १९७८ पासून आजपर्यंत. आमची धाकटी, वय वर्षे सोळा, तिथे स्वयंसेवक होती. म्हणाली, "आई, ये ना, खुर्च्या रिकाम्या दिसायला नकोत." गेले. खुर्ची भरायचा मला वीस वर्षांचा अनुभव आहे, तो याच मंडळातला.

२४ जून १९७८, शनिवारची रात्र. इथला जून, म्हणजे ऐन थंडी. टेलर स्क्वेअरपासून ऑक्सफर्ड स्ट्रीटने हाइड पार्ककडे मिरवणूक निघालेली. पुढे ट्रकवर लाऊडस्पीकर, मागे नाचणारी माणसं. तुम्हाला आत्ता काय आठवलं ते कळतंय मला, मलाही लक्ष्मी रोडच आठवला. रीतसर परवानगी होती, तरी पोलिसांनी ट्रक अडवून लाऊडस्पीकर बंद पाडला. लोक किंग्ज क्रॉसकडे वळले, तर तिथे धरपकड. ५३ जणांना पकडलं. पुढे बहुतेकांवरचे आरोप मागे घेतले गेले, पण तोवर 'सिडनी मॉर्निंग हेरल्ड'मध्ये यादी छापून आली होती. नाव, पत्ता, व्यवसाय. कुणाची नोकरी गेली, कुणाला घरच्यांनी दार बंद केलं. पुरुषांमधले असे संबंध म्हणजे या राज्यात १९८४ पर्यंत गुन्हाच होता. हेरल्डनं माफी मागितली २०१६ साली, राज्याच्या विधानसभेनंही तेव्हाच. अडतीस वर्षांनी.

माझ्या पुढच्या रांगेत एक बाई बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली, पांढरे बारीक कापलेले केस, मांडीवर थर्मास. दिवे लागल्यावर त्यांनी पिशवीतून एक प्लास्टिकचं पाकीट काढलं आणि शेजारच्या मुलीच्या हातात दिलं. आत ते कात्रण. पिवळं पडलेलं. सगळं पाकीट स्वच्छ होतं, फक्त एका ओळीवरचं प्लास्टिक अंगठा लागून लागून धुरकट झालं होतं.

आणि मंडळी, मला आपली स्मरणिका आठवली. हसू नका. मागच्या वर्षी आभारांच्या यादीत एका ताईंचं नाव राहिलं, तर दोन महिने अबोला. मी स्वतः एका वर्षी आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ चुकला म्हणून खजिनदारांना रात्री साडेदहाला फोन केला होता. तेव्हाचे खजिनदार आज समोर बसलेत, मान हलवताहेत. आपलं नाव छापून यावं म्हणून आपण भांडतो. त्या बाईंचं आलं आणि त्यांचं बिऱ्हाड मोडलं.

घरी येताना गाडीत धाकटीनं विचारलं, "२०१७ मध्ये तू मत दिलं होतंस ना?"

ते टपाली मतदान आठवत असेल. समलिंगी जोडप्यांना लग्न करता यावं म्हणून कायदा बदलावा का, एवढा एकच प्रश्न. दोन चौकोन. मी म्हटलं, "म्हणजे काय!" घरी पोचल्यावर आमच्या ह्यांनी शांतपणे सांगून टाकलं, "तुझं पाकीट कालनिर्णयच्या मागे होतं. मार्चमध्ये सापडलं." ह्यांनी स्वतःचं पाठवलं होतं. काय टिक केलं ते आजतागायत सांगत नाहीत.

मग व्हायचं ते झालं. मी म्हटलं, तेव्हा दिवाळी होती, मंडळाच्या चकल्या माझ्याकडे होत्या, सात किलो भाजणी. धाकटी म्हणाली, "आई, एक टिक करायला किती वेळ लागतो?"

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. कारण चकल्या खऱ्या असल्या तरी कारण चकल्या नव्हत्या. त्या कागदावर नाव घालायचं नव्हतं, सही नव्हती, पाकिटाला तिकीटसुद्धा लावायचं नव्हतं. कुणाला काही कळणार नव्हतं. तरी पेन उचललं गेलं नाही. माझा विरोध नव्हता हो. "आमचा विरोध नाही, पण..." हे तर आपलं राष्ट्रगीत. त्या 'पण'च्या पुढे काय असतं ते आजवर कुणी पूर्ण केलेलं नाही.

देशभरात ६१.६ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. पॅरामाटा मतदारसंघात, म्हणजे आपलं हॅरिस पार्क, आपला किराणा, आपला वडापाव जिथे, तिथे ६१.६ टक्के 'नाही'. आकडा तोच, बाजू उलटी. तिथे जगभरची माणसं राहतात, सगळं पाप आपल्या पदरात घ्यायचं कारण नाही. पण मुलं विचारतात तेव्हा "ती इतर लोकं असतील" एवढंच उत्तर आपल्याकडे असतं.

'हे इकडचं फॅड' असंही मी ऐकलंय, याच हॉलच्या किचनमध्ये. अशोक राव कवींनी मुंबईत समलिंगी लोकांसाठी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढलं १९९० साली, आपल्यातले निम्मे तेव्हा डोंबिवली फास्टला लटकत होते. १६ ऑगस्ट २००८ ला ऑगस्ट क्रांती मैदानावरून मोर्चा निघाला. फॅड कसलं? समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं ३७७ कलम साहेबाचं, आणि ते आपण जपलं ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत. आणि 'उंबरठा'? १९८२ चा. गेल्या कोजागिरीला आम्ही तिघींनी 'सुन्या सुन्या मैफिलीत' म्हटलं, त्यातला सुराबाहेरचा आवाज माझा. आश्रमातल्या त्या दोघी आठवतात का कुणाला? टीव्हीवर तो लागला आणि त्या दोघींचा प्रसंग आला, तेव्हा आमच्या आईला एकदम गॅसवरचं दूध आठवलं होतं.

आता जरा अवघड भाग. आपल्या बालनाट्यात काम केलेला एक मुलगा बरीच वर्षं इकडे फिरकत नाही. त्याची परवानगी घेऊन बोलतेय, नाव सांगणार नाही. अंदाज बांधू नका. बांधणार आहातच, पण निदान चहाच्या रांगेत बांधू नका. 'तसला आहे म्हणे' असं त्याच्यामागे बोललं गेलं. मी ते बोलले नाही. मी दर दिवाळीला त्याला सगळ्यांदेखत विचारायचे, "काय मग, लाडू कधी?" एका दिवाळीला हसला. पुढच्या दिवाळीला आला नाही.

परवा त्याला फोन केला. सॉरी म्हणायचं होतं, पण पावसापाण्याच्या गप्पा मारून ठेवला.

काल त्याच्या आईचा फोन आला. गणपतीत दोघं येतो म्हणताहेत. तिनं विचारलं, आरतीच्या मानकऱ्यांच्या यादीत नावं घालायची तर कशी घालायची, कारण फॉर्मवर 'श्री. व सौ.' छापलेलं आहे. आणि घातली तर कुणी काही बोलणार नाही ना? मी म्हटलं, "कमिटीला विचारून सांगते." हेही चकल्यांसारखंच झालं, कळतंय मला. यादी माझ्याकडेच असते.

रविवारच्या संध्याकाळच्या आरतीची ओळ अजून रिकामी आहे.