देवाचा पलंग निघतो तेव्हा

पंढरपूर. आषाढी तोंडावर आली आहे. पालख्या अजून वाटेत आहेत, आणि इथे विठ्ठलाच्या शेजघरातला पलंग बाहेर काढताहेत.

पलंग निघाला म्हणजे देवाची झोप बंद. काकडा नाही, धूपारती नाही, शेजारती नाही. पहाटेची नित्यपूजा, महानैवेद्य आणि रात्रीचं लिंबूपाणी, तेवढ्यापुरती काय ती रांग थांबायची. बाकी रात्रंदिवस दर्शन. इतके दिवस उभं राहून देव दमणार, म्हणून त्याच्या पाठीशी कापसाचा मऊ लोड लावतात. मागे रुक्मिणीमातेचं मंदिर आहे. तिला तक्क्या.

देव म्हणजे काय, हे मला या लोडापाशी जितकं उमगलं तितकं कुठल्या प्रवचनात उमगलं नाही. रांगेतल्या कुठल्याही वारकऱ्याला विचारा. तो सांगेल, देव चराचरात भरलाय, त्याला ना रूप ना रंग. आणि त्याच निराकाराची पाठ अवघडू नये म्हणून त्याचा जीव वरखाली होतो. सगळीकडे असलेला तो आपल्यासाठी विटेवर येऊन उभा राहिला. मग त्याची काळजी आपण नाही घ्यायची तर कोणी?

तो उभा का, याची कथा घरोघरी सांगतात. पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता. देव दाराशी आला. पुंडलिकाने वीट सरकवली, म्हणाला, यावर थांब जरा. देव कमरेवर हात ठेवून थांबला, तो अजून तसाच आहे.

अशा देवाशी मग नातंही घरातलंच जुळतं. तो विठोबा, तोच विठाई. पुरुषरूपातल्या देवाला आई म्हणताना इथे कोणाची जीभ अडखळत नाही. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं दाखवतात. तिच्याबरोबर देव दळायला बसायचा म्हणे. वारीत तर शेजारून चालणारा अनोळखी माणूसही माउली, आणि त्याच्याही पाया पडायचं.

याच वारकऱ्याच्या देवघरात खंडोबाचा टाक असतो, भवानीचा असतो. नवरात्रात घट बसतात, चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो, वेशीवरच्या ग्रामदेवतेला नारळ फुटतो. तेहतीस कोटींचा हिशेब कोणी मांडत बसत नाही. ज्याला जिथे हाक मारायची, तिथे मारायची.

आता नामदेव पायरीशी या. समोर चोखोबांची समाधी आहे. मंदिराबाहेर. ज्याला माउली म्हणायचं, त्याच्या पायांशी त्याच्याच लेकरांना कित्येक पिढ्या जाऊ दिलं नाही. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा कुठे दलितांसाठी हे दार उघडलं. ही जखम झाकून विठ्ठलाची गोष्ट सांगता येणार नाही.

आषाढी होते. काला होतो. गर्दी ओसरते. मग प्रक्षाळपूजेचा दिवस येतो. पाठीचा लोड काढतात. लाखो कपाळं टेकली त्या पावलांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने देवाला न्हाऊ घालतात. रात्री, शिणवटा जावा म्हणून काढा देतात.

पलंग शेजघरात परत आलाय. बऱ्याच दिवसांनी शेजारती होते आहे. उद्या पहाटे काकडा.