कृष्णाकाठची जळकी मोटर

ही मोटर बघा. साडेसात एचपी, मोनोब्लॉक, आमच्याच रानातली. पलूस तालुक्यात नदीच्या अंगाला आमची विहीर आहे, तिथं ही सहा वर्षं चालली आणि परवा रात्रीच्या लाईटीत अडीचच्या सुमाराला जळाली. आबा पेटीपाशी पोचले तोवर जळक्या वार्निशचा वास सुटला होता, ज्याच्या रानात मोटर आहे त्याला हा वास कसा असतो ते सांगायला लागत नाही. उसाची पाळी गेली, आणि सकाळी मोटर टेम्पोत टाकून सांगलीला रिवाइंडिंगच्या दुकानात आणली.

मिस्त्रींनी कव्हर काढलं, बॅटरी मारली आणि दहा सेकंदात बोलले, "दोन फेजवर फिरलीय ही." ना मीटर लावला ना काही. त्यांनी काय बघितलं ते जवळून दाखवतो. आत तांब्याच्या कॉइलचे सहा गट आहेत, एकेका फेजचे दोन-दोन, समोरासमोर. त्यातले समोरासमोरचे दोन गट काळेकुट्ट झालेत, आणि बाकीचे चार? मधाच्या रंगाचे, कारखान्यातून आले तसे. ही मोटर डेल्टा कनेक्शनची, म्हणजे तिन्ही फेजच्या गुंडाळ्या त्रिकोणात जोडलेल्या. डेल्टात एक फेज गेला की एका गुंडाळीवर दुप्पट भार येतो आणि तीच जळते, म्हणून एकतृतीयांश काळं. स्टारची, म्हणजे तिन्ही गुंडाळ्यांचं एकेक टोक एकत्र बांधलेली मोटर असती तर उलटं दिसलं असतं, दोन फेज जळलेले आणि एक शाबूत. ओव्हरलोडनं जळाली असती तर सगळंच सारखं काळं झालं असतं. म्हणजे मोटर कशी मेली ते मोटरच सांगते, फक्त वाचणारा पाहिजे, आणि माझ्या मते या दुकानात रोज जे वाचलं जातं ते कुठंतरी लिहून ठेवलं पाहिजे, कारण मोटरीवरच्या संशोधनाला लागतो तो माल हाच आहे.

आता मुळात ही फिरते कशी. हिला इंडक्शन मोटर म्हणतात. आत ब्रश नाही, चुंबक नाही, रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, बाहेरून एक वायर सुद्धा जात नाही. तीन फेजचे करंट एकामागोमाग एक चढतात-उतरतात आणि त्यांच्यामुळं स्टेटरच्या, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागाच्या आत चुंबकीय क्षेत्र गरागरा फिरायला लागतं, 50 सायकलवर दोन पोलच्या मोटरमध्ये मिनिटाला 3,000 फेरे. रोटर त्याच्या मागं धावतो पण त्याला कधीच गाठत नाही, जरा मागंच राहतो, 2,880च्या आसपास, आणि हा जो मागं राहण्यातला फरक आहे, स्लिप म्हणतात त्याला, त्याच्यामुळंच रोटरमध्ये करंट तयार होतो. गाठलं तर जोरच संपला. फिरत्या क्षेत्राची ही कल्पना 1888 साली दोघांनी वेगवेगळी मांडली, इटलीत तुरिनला गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला. आणि आपल्या मोटरमध्ये जो पिंजऱ्यासारखा रोटर आहे, दांड्या आणि दोन्ही टोकांना रिंगा, तो तीन फेजसाठी 1889 मध्ये डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्कीनं बसवला. तो पिंजरा आजही तसाच आहे.

एक फेज गेला तर बंद मोटर चालू होत नाही, नुसती गुरगुरते. पण चालती मोटर थांबत नाही आणि घात तिथंच होतो. डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी असतो तो एक फ्यूज उडतो, रात्रीची वेळ, पाणी चालूच आहे, आवाज जरा जड येतो, आणि उरलेल्या दोन वायरीतून सव्वापट-दीडपट नाही तर जवळजवळ पावणेदोनपट करंट ओढला जातो.

फेज पूर्ण गेला ही शेवटची पायरी झाली, त्याच्या आधी कितीतरी रात्री तिन्ही फेज असतात पण सारखे नसतात. आणि या गोष्टीचा अभ्यास करतानाच पॉवर सिस्टिममधलं एक फार मोठं गणित जन्माला आलं, हे मला कळलं तेव्हा मी खरंच थक्क झालो. चार्ल्स फोर्टेस्क्यू म्हणून इंजिनिअर होता, वेस्टिंगहाऊसमध्ये. 1913च्या शेवटी त्याच्याकडं कामच हे आलं होतं, फेज असमान असताना इंडक्शन मोटर कशी वागते ते गणितानं सोडवायचं. त्यातून 1918 साली त्याचा पेपर आला, सिमेट्रिकल कंपोनंट्सचा. त्यानं सांगितलं की तीन असमान फेज म्हणजे तीन नीटनेटक्या संचांची बेरीज, एक संच मोटरला सुलट फिरवणारा, एक उलट फिरवणारा, आणि तिसरा तिन्ही फेजमध्ये एकदमच चढणारा. आज देशभरातल्या सबस्टेशनमधले रिले, म्हणजे फॉल्ट ओळखून लाईन तोडायला लावणारी यंत्रं, ठरवताना, लाईनवर फॉल्ट झाला तर करंट किती येईल ते काढताना हेच गणित वापरतात. सुरुवात कुठनं झाली तर मोटरीच्या दुखण्यापासून.

तो उलट संच काय करतो ते बघा. त्याचं क्षेत्र रोटरच्या विरुद्ध दिशेनं फिरतं, म्हणजे रोटरला ते जवळजवळ दुप्पट वेगानं समोरून येतं. मोटर चालू करताना जसा सहापट करंट घेते तशाच अवस्थेत ती या संचापुरती कायम असते. म्हणून व्होल्टेजमधला उलट भाग 1 टक्का असला तरी करंटमध्ये तो 6 टक्क्यांच्या आसपास होतो, आणि पाणी एक थेंब जास्त येत नाही, सगळी नुसती उष्णता.

मोटर दुकानात होती त्या रात्री मी शेजारच्या तात्यांच्या स्टार्टरवर मीटर लावून बसलो. तीन फेजमधलं व्होल्टेज मिळालं 402, 388 आणि 371. सरासरी 387, सगळ्यात जास्त फरक 16, म्हणजे 4 टक्क्यांच्या जरा वर. ऐकायला किती कमी वाटतं! पण मोटरवाल्यांचा एक ठोकताळा आहे, असमानतेच्या टक्क्याचा वर्ग करायचा, त्याची दुप्पट, तेवढे टक्के तापमानवाढ जास्त. इथं ते येतं 34 टक्के. म्हणजे भोवतालच्या हवेपेक्षा 80 अंश जास्त तापणारी गुंडाळी आता 107 अंश जास्त तापणार. आणि दुसरा नियम 1930 मधल्या माँटसिंगरच्या कामातून आलेला, 10 अंश वाढले की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं. 27 अंश वाढले तर आयुष्य सहाव्या हिश्श्याच्याही खाली जातं. आबांना मी हा हिशोब सांगितला तर ते एवढंच म्हणाले, "मग कंपनीची गॅरंटी कुठल्या लाईटीवर काढत्यात?"

बरोबर प्रश्न आहे. नेमप्लेटवरची एफिशियन्सी मोजतात ती तिन्ही फेज सारखे, व्होल्टेज पूर्ण, वेव्ह स्वच्छ, अशा सप्लायवर. आपल्याकडं सांगलीत विश्रामबागला वालचंद कॉलेज 1947 पासून आहे, कराडला गव्हर्नमेंट इंजिनिअरिंग 1960 पासून, आणि किर्लोस्करवाडी तर 1910 पासून इथंच कुंडलच्या माळावर. मोटर आणि पंप हा आपल्या मातीतला विषय आहे. मशीन लॅबमध्ये गेलात तर नो-लोड टेस्ट, रोटर धरून ठेवून करायची टेस्ट, डायनॅमोमीटरवर लोड देऊन तापमान स्थिर होईपर्यंत चालवणं, हे सगळं शिकवतात आणि ते लागतंच. पण माझं म्हणणं एवढंच आहे की त्याच टेबलावर 402, 388, 371 सुद्धा द्या. विहिरीवर रात्रभर लॉगर ठेवा, जी लाईट खरोखर आली ती रेकॉर्ड करा आणि तीच लॅबमध्ये मोटरला पाजा.

डिझाइन करणाऱ्याची ओढाताण पण समजून घेतली पाहिजे. तांबं जास्त घातलं तर स्लॉट मोठा होतो, मग पत्तीचं, म्हणजे ज्या पातळ पत्र्यांचा गाभा बनतो त्यांचं, लोखंड कमी उरतं आणि ते सॅच्युरेट होतं, आणखी चुंबकत्व घेत नाही. पत्ती 0.5 मिमीऐवजी 0.35 घेतली तर लोखंडातला लॉस, म्हणजे उष्णतेत वाया जाणारी वीज, घटतो पण भाव चढतो. रोटरमध्ये ॲल्युमिनियमऐवजी तांबं ओतलं तर लॉस कमी, पण ॲल्युमिनियम 660 अंशाला वितळतं आणि तांबं 1,085ला, साचे टिकत नाहीत. आता हे सगळं कॉम्प्युटरवर फाइनाइट एलिमेंटनं, म्हणजे मोटरचे हजारो बारीक त्रिकोण पाडून सोडवतात. सोलर पंप आल्यापासून चुंबकाच्या मोटरी पण आल्या, त्यातलं निओडिमियम बाहेरून येतं म्हणून चुंबक न लागणाऱ्या रिलक्टन्स मोटरवर जगभर काम चाललंय, तो वेगळ्या व्हिडिओचा विषय आहे.

आणि लाईनचं काय? डीपी लांब, 415 व्होल्टची तार कोसभर ओढलेली, टोकाच्या विहिरीवर 330 मिळतात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गात पडतो, म्हणजे 63 टक्केच उरला. तेवढीच पॉवर त्याच तारेवरून 11,000 व्होल्टनं नेली तर करंट 26पट कमी आणि तारेत जळणारी वीज 700पट कमी. म्हणून मोठी लाईन विहिरीपर्यंत आणून छोटा ट्रान्सफॉर्मर बसवायची पद्धत मला एकदम योग्य वाटते. लोक म्हणतात शेतकरी प्रिव्हेंटर, म्हणजे फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र, काढून स्टार्टर डायरेक्ट करतात. करतात, कारण प्रिव्हेंटर रात्रीत चार वेळा ट्रिप झाला तर आठ तासांच्या लाईटीत ऊस भिजत नाही. त्याला दोष देऊन संशोधन पुढं जाणार नाही.

मिस्त्रींनी जुनी कॉइल काढताना स्टेटर भट्टीत जपून तापवला, उघड्या जाळावर नाही. जास्त तापलं तर पत्त्यांमधला पातळ थर जळतो आणि पत्त्या एकमेकींना चिकटून लोखंडातला लॉस कायमचा वाढतो. मग स्लॉटमध्ये नवा लेदरॉइड, म्हणजे इन्सुलेशनचा कागद, त्याच गेजची तार, तेवढेच आटे, वार्निश, ओव्हन. दुकानात मोकळी चालवली तेव्हा टंग टेस्टरवर, म्हणजे वायरीला चिमटा लावून करंट मोजायच्या मीटरवर, तिन्ही वायरी 4.1, 4.2, 4.1 अँपिअर.

काल रात्री विहिरीवर बसवली. लाईट आली पावणेबाराला. पाणी पाटात पडलं आणि मी टंग टेस्टर लावला, 12.6, 10.9, 8.3. आबांनी बॅटरी धरली होती, मी वहीत तिन्ही आकडे लिहिले, समोर वेळ टाकली. "झालं?" म्हणाले. मी म्हटलं, दर अर्ध्या तासानं घेणार, पाळी संपेपर्यंत. ते काही बोलले नाहीत, पोत्यावर जरा सरकून बसले आणि मला जागा केली.