२९ फेब्रुवारी २०२० ला तुमचं खातं कसं होतं? कोरोनातल्या कर्ज-सवलती कुणाला मिळाल्या, ते अशाच तारखांवर ठरलं.

पुणे जिल्ह्यात पुरंदरमधलं एका दादांचं हे शेत. मार्च २०२० मध्ये इथं झेंडू होता, पाडव्याचं गिऱ्हाईक डोळ्यासमोर ठेवूनच लावलेला. पाडवा होता २५ मार्चला, म्हणजे कोरोनाच्या लॉकडाऊनचा पहिलाच दिवस. पाडव्याआधीचे दोन-तीन दिवस हीच खरी विक्री, पण आधी २२ चा जनता कर्फ्यू, मग राज्यात संचारबंदी, मग अख्खा देशच बंद. फूल काय कांद्यासारखं वखारीत ठेवता येत नाही. वाट बघून बघून शेवटी दादांनी उभ्या पिकात रोटाव्हेटर घालून झेंडू मातीत गाडला.

आणि डोक्यावर मार्चएन्ड!

शहरातल्या लोकांना मार्चएन्ड म्हणजे टॅक्स वाटतो, गावात मार्चएन्ड म्हणजे नवं-जुनं. गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरायचं, त्यासाठी कुणाकडून तरी आठ-पंधरा दिवसांसाठी पैसे उचलायचे, खातं निल झालं की थोड्या दिवसांत तेच कर्ज परत मंजूर होतं, त्यातनं उचललेले देऊन टाकायचे. कागदावर वसुली झकास, प्रत्यक्षात तेच पैसे गोल फिरतात, आणि हे सगळ्यांना माहितीये, सचिवालासुद्धा. फक्त त्यासाठी पंधरा दिवस पैसे सोडणारा माणूस लागतो. त्या मार्चमध्ये ज्याच्याकडे रोकड होती तो ती घट्ट धरून बसला होता.

सरकारनं मुदत वाढवली, आधी ३१ मे, मग ३१ ऑगस्ट, तोवर भरलं तरी वेळेत फेडणाऱ्याला मिळणारी व्याजाची सवलत जाणार नव्हती. चांगलंच झालं. पण दादांचा प्रश्न साधा होता, "मुदत मिळाली ओ, पण जुनं भरल्याशिवाय नवं कोण देतंय, आणि खरिपाचं बियाणं जूनमध्येच लागतं की."

आता इथून पुण्याजवळच्या भोसरीला, कारखान्यांच्या भागात जाऊ. हे शटर, आत दोन लेथ, एक मिलिंग. इथले काका जॉबवर्क करतात, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे सुटे भाग बनवून देतात. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेनं तीन महिने कर्जाचे हप्ते थांबवायला परवानगी दिली, मे महिन्यात आणखी तीन. काकांना वाटलं सुटलो. बऱ्याच जणांना तसंच वाटलं, कारण बातमी आली ती 'हप्ते माफ' अशा थाटात. माफ काहीच नव्हतं, हप्ता थांबला होता, व्याजाचं मीटर चालू होतं.

हिशोब मांडून बघू. ६ लाख बाकी, १२ टक्के व्याज. महिन्याला ६ हजार, सहा महिन्यांचे ३६ हजार. पण न भरलेलं व्याज मुद्दलात मिसळून त्यावरही व्याज लागलं तर होतात ३६ हजार ९१२. या व्याजावरच्या व्याजाचा वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि दिवाळीच्या तोंडावर सरकारनं २ कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी फरक परत द्यायचं ठरवलं. म्हणजे आपल्या हिशोबात किती, तर ९१२ रुपये. एवढा गाजावाजा झालेली दिलासा योजना आणि खात्यात ९१२! काका हसतात, म्हणतात कामगारांच्या एका दिवसाच्या चहा-वडापावाला तरी झाले.

खरा आधार होता तो तारण न मागता मिळणाऱ्या आपत्कालीन कर्जाचा, सरकारी गॅरंटीवाल्या. २९ फेब्रुवारी २०२० ला जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या २० टक्के जादा, चार वर्षांत फेडायचं, पहिलं वर्ष मुद्दल नाही, बँकेनं व्याज सव्वानऊ टक्क्यांच्या वर लावायचं नाही. ६ लाखांवर १ लाख २० हजार. काकांनी त्यातनं पगार आणि लाईटबिल भागवलं.

पण नीट बघा, त्या तारखेला तुमच्या नावावर आधीच कर्ज पाहिजे होतं, आणि ते ६० दिवसांच्या वर थकलेलं नको होतं. शेजारच्या गाळ्यातल्या पोरानं कधी बँकेचं कर्ज घेतलंच नव्हतं, सगळं भिशी आणि पतसंस्थेवर. वीस टक्के कशाचे काढणार, शून्याचे? आणि रिझर्व्ह बँकेची हप्तेस्थगिती पतसंस्थांना लागूच नव्हती, त्या तिच्या अखत्यारीत येत नाहीत. रोज दुकानात येऊन थोडे थोडे बचतीचे पैसे नेणारा पिग्मी एजंटही यायचा बंद झाला, मग पोरानं साठलेली पिग्मीच मोडली.

हातगाडीवाल्यांना केंद्राच्या पीएम स्वनिधी योजनेतलं १० हजारांचं कर्ज आलं, तिथंही तारीख, २४ मार्च २०२० किंवा त्याआधीपासून तुम्ही विक्री करत होता हे दाखवणारा कागद. रस्त्यावर वीस वर्षं उभा राहिलेला माणूस कागद कुठनं आणणार, हे मला तरी अजून कळलेलं नाही.

राज्य सरकारच्या शेतकरी कर्जमुक्तीची तारीख होती ३० सप्टेंबर २०१९, त्या दिवशी जो थकबाकीदार, त्याचं २ लाखांपर्यंत माफ. यादीत नाव येऊनही आधारच्या पडताळणीसाठी अंगठा द्यायची प्रक्रिया कोरोनात अडकली, मग मे महिन्यात सरकारनं बँकांना सांगितलं की ही रक्कम आमच्याकडून येणं दाखवा आणि यांना नवं कर्ज द्या. आपले झेंडूवाले दादा यात बसलेच नाहीत, ते दरवर्षी नवं-जुनं करून नियमित राहिलेले! नियमित भरणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत देऊ असं राज्याच्या बजेटमध्ये जाहीर झालं मार्च २०२० ला. मिळायला लागले २०२२ ला.

मधल्या, २०२१ च्या मार्चला दादांनी काय केलं? तालुक्याला जाऊन बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या, सोसायटी भरली, नवं कर्ज निघालं, पाटल्या सोडवल्या. "सतरा दिवस होत्या तिथं," वहिनी आतून म्हणतात. दादांनी बारा सांगितले होते.