दातांचा डॉक्टर, मैदानावरचा कोच

श्रोतेहो, नमस्कार.

7 मे 1986 ची रात्र. स्पेनमधलं सेव्हिया शहर. युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या युरोपियन कपचा अंतिम सामना. एका बाजूला बलाढ्य बार्सिलोना, दुसऱ्या बाजूला रुमानियाचा क्लब स्तेआवा बुखारेस्ट. 120 मिनिटं झुंज झाली, गोल एकही नाही. मग पेनल्टी. स्तेआवाची पहिली अडवली गेली. दुसरी मारायला तेहतीस वर्षांचा एक मिडफिल्डर पुढे आला. त्याचीही अडवली! त्याचं नाव लास्लो बोलोनी.

पण त्या रात्री स्तेआवाच्या गोलात हेल्मुथ डुकादाम उभा होता. त्याने बार्सिलोनाच्या चारच्या चार पेनल्टी परतवल्या. पूर्व युरोपातल्या क्लबच्या हाती हा कप पहिल्यांदाच आला आणि बोलोनी विजेता ठरला.

हा माणूस रुमानियाच्या ट्रान्सिल्व्हानिया भागातल्या हंगेरियनभाषक समाजातला. तुर्गु मुरेशच्या क्लबात खेळता खेळता तो दंतवैद्यकही शिकला. म्हणजे रुमानियाचा हा स्टार खेळाडू रीतसर दातांचा डॉक्टर! 1983 मध्ये बुखारेस्टला इटलीविरुद्ध सामन्यातला एकमेव गोल त्याचाच. इटली तेव्हा जगज्जेता होता, हे लक्षात घ्या. रुमानिया 1984 च्या युरो स्पर्धेत पोचला, त्यात या विजयाचा मोठा वाटा होता.

कारकिर्दीच्या उतरणीवर तो बेल्जियम आणि फ्रान्समध्ये खेळला, आणि कोच म्हणून फ्रान्समध्येच उभा राहिला. 1994 पासून नान्सी क्लबात सहा वर्षं. 1998 मध्ये त्याने संघाला दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद मिळवून दिलं. मग थोडा काळ रुमानियाच्या राष्ट्रीय संघाची जबाबदारी आणि 2001 मध्ये पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबकडून बोलावणं.

इथे जरा थांबू या. पहिल्याच हंगामात बोलोनीने स्पोर्टिंगला लीग आणि पोर्तुगीज कप असा दुहेरी मान मिळवून दिला. संघाचा फॉरवर्ड मारियो जार्देलने त्या लीगमध्ये 42 गोल ठोकले. यानंतर लीगचं विजेतेपद स्पोर्टिंगला थेट 2021 मध्ये मिळालं. एकोणीस वर्षांनी!

पण मला त्याचं मोठेपण दिसतं ते दुसरीकडे. रिकार्दो क्वारेस्मा या तरुण खेळाडूला त्याने पहिल्याच हंगामात, कोवळ्या वयात मुख्य संघात उतरवलं. पुढच्या वर्षी मदेरा बेटावरचा सतरा वर्षांचा एक सडपातळ मुलगा आला. ज्युनियर संघात तो मधला फॉरवर्ड म्हणून खेळायचा. दांडग्या बचावपटूंच्या गर्दीत हे पोर चेपलं जाईल, हे बोलोनीने ओळखलं आणि त्याला विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला नेलं. तिथे मोकळी जागा होती, धावायला वाव होता. 7 ऑक्टोबर 2002, मोरेरेन्सेविरुद्ध सामना. पाठीवर 28 क्रमांक. त्या मुलाने दोन गोल केले. क्रिस्तियानो रोनाल्डोचे लीगमधले हे पहिले गोल. विजेत्या संघाच्या कोचने सतरा वर्षांच्या पोरावर भिस्त ठेवायची, याला छाती लागते.

पुढे रेन क्लबला त्याने फ्रेंच लीगमध्ये चौथ्या क्रमांकावर नेलं. मोनाको क्लबात मात्र काही महिन्यांतच बाहेर पडावं लागलं. 2009 मध्ये बेल्जियमच्या स्टँडर्ड लिएज क्लबला त्याने लीग जिंकून दिली. अँडरलेख्टशी गुण बरोबरीत सुटले, म्हणून विजेता ठरवायला दोन जादा सामने झाले. पहिला 1-1. दुसऱ्यात तरुण आक्सेल विट्सेलने मारलेल्या पेनल्टीवर 1-0. होय, पेनल्टीच!

अरब देश, ग्रीस, तुर्कस्तान, बेल्जियममधलं अँटवर्प अशी मुशाफिरी करून, सत्तरीच्या उंबरठ्यावर तो पुन्हा फ्रान्सच्या लोरेन भागात आला. नान्सीच्या शेजारच्या मेट्झ क्लबात. 2 जून 2024 ला मेट्झच्या मैदानावर सेंत-एतियनविरुद्ध वरच्या श्रेणीत टिकण्याची शेवटची संधी होती. सामना जादा वेळेत गेला, 2-2 सुटला. दोन लढतींतली पहिली मेट्झने आधीच 2-1 अशी गमावली होती. मेट्झ खालच्या श्रेणीत गेला. एकाहत्तर वर्षांचा बोलोनी त्या रात्रीही संघाच्या बाकाजवळ होता.