रुमालाखालचा भाव

श्रोतेहो, नमस्कार.

मिरगाआधी आमच्या वाडीत घाटावरून हेडी, म्हणजे गुरांचे व्यापारी, उतरायचे. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. थकलेला बैल द्यायचा, वर थोडे पैसे घालायचे की धडधाकट पाडा गोठ्यात. आता नांगरटीला पॉवर टिलर आला, आणि 2015 च्या मार्चपासून राज्यात बैलाच्याही कत्तलीला बंदी आली. म्हातारा बैल घ्यायला कोणी येत नाही. त्याचा भाव शून्य.

हाच बैल बांगलादेशाच्या सीमेवर उभा आहे असं समजा. ही सीमा 4,096 किलोमीटरची. कुंपण आहे, पण मध्ये नद्या किती! रात्री केळीच्या खोडांना बांधून गुरं पाण्यात सोडत. आपल्या बाजूला ती तस्करी, पकडला तर तुरुंग. पलीकडे मात्र बरीच वर्षं गंमतच होती. आलेलं जनावर बेवारस म्हणून नोंदवायचं, 500 टका, म्हणजे तिथलं चलन, भरायचे, पावती घ्यायची. पावती हातात पडली की चोरीचा बैल कायदेशीर!

2014-15 पासून आपल्या सीमा सुरक्षा दलाने हा रस्ता आवळला. ढाक्यात मांस महागलं. मग तिथल्या शेतकऱ्यांनी घरोघरी वासरं पोसायला घेतली, आणि पुढे बकरी ईदला आमची गुरं आम्हाला पुरतात, असं तिथलं सरकार सांगू लागलं. आपल्या बंदीने त्यांचे गोठे भरले. दिल्लीत कोणी हे योजलं असेल, असं मला वाटत नाही.

आता घराजवळ येऊ. उरणला न्हावा शेवा बंदरात रीफर कंटेनर, म्हणजे माल थंड ठेवणारे कंटेनर, लागतात. त्यांतल्या काहींत म्हशीचं गोठवलेलं, हाडं काढलेलं मांस असतं. गाय-बैलाचं मांस परदेशी पाठवता येत नाही, म्हशीचं येतं. त्यातलं पुष्कळ व्हिएतनामला जाई. तिथे सगळं खातात असं नाही हं. लाळ-खुरकत या गुरांच्या रोगाच्या भीतीने चीन आपलं मांस सरळ घेत नसे, पण व्हिएतनामच्या हायफाँग बंदरात उतरलेला माल मागच्या दाराने चीनमध्ये शिरे. लाळ-खुरकताची लस टोचण्यात माझी नोकरी सरली, म्हणून या बातमीचं मला जरा जास्तच हसू आलं.

आणि परदेशच कशाला? 2021 च्या जानेवारीत कर्नाटकाचा गुरांच्या कत्तलीवरचा नवा कायदा लागू झाला, तेव्हा बेळगावकडून गोव्यात येणारं मांस अडलं होतं.

परवा शेजारचे तात्या बैल घेऊन आले. "डॉक्टर, याला पेंढा किती दिवस घालू?" शेत पडीक, त्यामुळे पेंढा आता त्यांना विकत घ्यावा लागतो. मी बैलाचे दात पाहिले, खूर पाहिले. म्हटलं, "तात्या, तीन-चार वर्षं सहज काढील."

तात्या काही बोलले नाहीत. दावं धरलं आणि त्याला पाण्यावर घेऊन गेले.