पाणी प्यायल्यावर फुटणारा घाम

(दृश्य : सोलापूरचा पूर्व भाग. यंत्रमागाचा कारखाना, मे महिन्याची दुपार.)

निवेदन :
मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी केव्हाच ओलांडतो. वर पत्रा, खाली माग, मग विचारूच नका. इथे हाक तेलुगूत, उत्तर मराठीत. टॉवेल विणणाऱ्या या मामांच्या खांद्यावर मात्र जुनं फडकंच.

आता नीट बघा. बराच वेळ त्यांनी पाणी प्यायलेलं नाही. अंग तापलंय, पण घाम बेताचाच.

(तांब्या तोंडाला लागतो. मागांचा खडखडाट हळू होतो.)

आणि काही मिनिटांतच घाम फुटला! पाणी तर अजून पोटात आहे, रक्तात फारसं उतरलेलंही नाही. मग घामाला वाट कुणी करून दिली?

(आकृती : मेंदूचा तळ.)

दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर हायपोथॅलॅमसचा, म्हणजे शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या केंद्राचा, पुढचा भाग आहे. 1961 साली नाकायामा आणि सहकारी संशोधकांनी प्राण्यांमध्ये तेवढाच भाग तापवून एकेका पेशीची विद्युत-स्पंदनं टिपली. काही पेशींची स्पंदनं उष्णतेबरोबर वाढत गेली. घामाचा हुकूम सुटतो तो अशाच पेशींमुळे.

पण या पेशी नुसत्या तापमापक नाहीत, त्या चहूकडून खबरा घेतात. त्वचेची खबर पाठीच्या कण्यातून, मेंदूखोडातल्या एका थांब्यावरून येते. म्हणून उन्हात पाऊल टाकताच, मेंदू 37 अंशांच्याच आसपास असताना, घामाची तयारी सुरू होते. स्मृतीशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पसला विजेनं डिवचलं, तरी यांतल्या काही पेशींची स्पंदनं बदलतात. आठवणींच्या घराचं उन्हाशी काय काम, कोण जाणे. पण तार जोडलेली आहे खरी.

तहानेचं तसंच. पाणी कमी पडून रक्त खारट झालं, की शेजारच्या पेशींना ते कळतं आणि घामाला लगाम बसतो. घोट उतरताना तोंडातून, घशातून खबर निघते. पाणी रक्तात पोचण्याआधीच लगाम सैल.

खबर उलटीही फिरते. तापात शरीरातच तयार होणारं प्रोस्टाग्लँडिन ई-2 नावाचं रसायन उष्णता ओळखणाऱ्या त्या पेशींना दाबून टाकतं. मग भर मे महिन्यात, घरात पंखा बंद करायला लावून, माणूस सोलापुरी चादर मागतो.

(मागाचा आवाज पुन्हा वाढतो.)

मामांनी तांब्या खाली ठेवला, फडक्यानं कपाळ पुसलं. तिकडे तिसऱ्या मागावर धागा तुटलाय.